एकतीस नंबरचं कपाळ

काल सकाळी गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला गेले आणि वास आला. गुळाचा. नुसता गोड नव्हे हं. ज्यांनी गुऱ्हाळ जवळून बघितलंय त्यांनाच कळेल. उकळत्या रसाचा, चुलवाणात जळणाऱ्या चिपाडाचा, आणि त्याखाली कुठंतरी ओल्या मातीचा. नातवाच्या पांढऱ्या शर्टावर चिपाडाची काळी राख येऊन बसली होती, बोट लावलं की मोडणारी. वडगावच्या बाजूनं वारा असला की येते ती. म्हटलं, लागला बाई सीझन.

या दिवसांत लोक काकवीच्या बाटल्या आणतात, पोरांना घेऊन गुऱ्हाळावर जातात. मी खिडक्या लावून घेते. सून म्हणते, "आई, एवढा झकास वास सुटलाय आणि तुम्ही कोंडून काय बसताय?" मी म्हणते, "थंडी वाजते." खोटंच. थंडीचं मला काही नाही. पण तो वास आला, की धुक्यातनं एक बाई येऊन समोर बसते. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हात पदराखाली. काही बोलत नाही. माझ्या कपाळाकडे बघ, एवढंच म्हणते. आता बोलत नाही म्हटलं आणि म्हणते असंही म्हटलं; पण तसंच आहे ते, माझा इलाज नाही.

सांगते नीट.

मी सरकारी चित्रसंग्रहात नोकरीला होते. नवरा तिथं पहारेकरी. तो गेला, आणि त्याच्या जागी मला घेतलं. वय एकोणतीस, शिक्षण सातवी, आणि चित्र म्हणजे किराणा दुकानातलं कॅलेंडर एवढीच अक्कल. पहिल्या दिवशी मला साठवणीच्या खोलीत नेलं आणि माझे पाय दारातच थांबले. पन्नासभर माणसं भिंतीला टेकून, डोक्यावरनं मांजरपाट ओढून बसलेली. पावसाळ्याचे दिवस, खिडक्या बंद, डांबरगोळ्यांचा वास. मला वाटलं, कुणाच्या तरी दिवसांनाच आले मी. मग एकेकाचं कापड काढायला शिकले. कुणी मातीतला पैलवान, कुणी डफावर थाप मारणारा शाहीर, कुणी पागोट्यातले सावकार, एक रंकाळ्यावर धुणं धुणारी. सगळी आपल्याच भागातल्या चित्रकारांच्या हातची. काहींची नावं मागं लिहिलेली, काहींची नाहीत. कुणी देणगी दिलेली, कुणाच्या घरात वारस उरला नाही म्हणून आलेली. आता त्यांना घर नव्हतं, म्हणजे सगळा जिल्हाच त्यांचं घर होता.

आमचे साहेब दातार सर. बारीक अंगाचे, खिशात कायम एक भिंग. ते म्हणायचे, "शालनताई, ही चित्रं सरकारची नाहीत, लोकांची आहेत. सरकार फक्त कुलूप आहे." कुलपाला चित्रातलं काय कळतं, हेही हळूच म्हणायचे. लोक संग्रहात येईनात, तर सरांनीच पद्धत पाडली. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, की डझनभर चित्रं गावोगाव जायची. कधी वारणानगरच्या एखाद्या वाचनालयात, कधी गारगोटीकडच्या शाळेत. लोकांनी बघावीत, पोरांनी समोर बसून काढावीत. वळवाच्या आत परत. म्हणजे इकडं गुऱ्हाळं पेटायची आणि तिकडं आमची माणसं कांबळी पांघरून गावाला जायची. सासरी निघाल्यासारखी वाटायची मला. मी गाडीत ठेवताना सांगायची सुद्धा, नीट राहा गं.

जाताना नोंद करायची. हे काम सरांनी मला शिकवलं आणि त्यानंच मी माणूस झाले म्हणा. चित्रासमोर बसायचं. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात, आणि जोंधळे निवडावेत तसं बोटभर बोटभर बघत खाली यायचं. कुठं तडा, कुठं टवका, कुठं बुरशी. दिसेल ते वहीत लिहायचं. सरांचा नियम एकच. वाटतं ते नाही, दिसतं ते. मला ते फार आवडलं होतं. आमच्या घरात, गल्लीत, सगळा कारभार वाटण्यावरच चालायचा.

आता एकतीस नंबर.

वहीत तिचं नाव 'बसलेली स्त्री, चित्रकार अज्ञात' असं होतं. आम्ही नुसतं एकतीस म्हणायचो. फार सुंदर होती असं नाही. नाक जरा बसकं, ओठ मिटलेले, बोलायला घेतलं आणि कुणी आत आल्यावर थांबली असावी तसे. पण लुगड्याचा हिरवा रंग असा, की खोलीत दुसरं काही दिसू नये. वहीतली पहिली नोंद फार जुनी, माझ्याही आधीच्या कुणाची. तीत लिहिलेलं, 'कपाळ मोकळे.' 

मी ते वाचलं आणि त्यानंतर तिच्या कपाळाकडे कधी बघितलं नाही. खरंच सांगते. डाव्या कोपऱ्यापासून यायची, पदराचा काठ, केस, आणि मग कपाळावरनं नजर उडी मारून एकदम डोळ्यांवर. वहीत लिहायची, 'कपाळ मागीलप्रमाणे.' एक वर्ष, दोन वर्षं, किती वर्षं. माझं स्वतःचं कपाळ रोज आरशात बघायचं टाळायची, दुसरीचं कशाला बघू? वेणीफणी मी हाताच्या अंदाजानं करायला शिकले होते.

आणखी एक होतं, तेव्हा कळलं नाही. पावसाळ्यात चित्रं कापडात असायची, आणि एकतीसचं कापड काढलं की आतल्या बाजूला, तोंडाच्या जरा वर, एक ठिपका असायचा. गंजाचा म्हणावा तर तांबूस नव्हे. बुरशी म्हणावी तर हिरवी नव्हे. अंगाच्या रंगाचा होता तो. माणसाच्या कातडीचा रंग असतो ना, तसा. मी साबण लावून धुवायची आणि उन्हात टाकायची. पुढल्या वर्षी परत. मी म्हणायची, असेल काहीतरी. आता वाटतं, किती वर्षं तिनं मला चिठ्ठी पाठवली आणि मी ती धुऊन वाळत घातली.

त्या सीझनला एकतीस गारगोटीच्या पुढं एका शाळेत गेली होती. गाव लहान, चहूकडं ऊस. पौषात तिथं सकाळचं धुकं असं उतरतं, की उसाचे शेंडे तेवढे दिसतात आणि माणसाचं नुसतं खोकणं ऐकू येतं. शाळेच्या मोठ्या खोलीत, फळ्याच्या बाजूला, एकतीस टांगलेली. त्याच खोलीच्या मागच्या दाराशी पोरांचा भात शिजायचा.

संक्रांत झाली आणि चारच दिवसांनी हेडमास्तरांचा फोन आला. सर ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा एकेक इंच लांब होत होता. फोन ठेवून म्हणाले, "शालनताई, गाडी घेऊन जा. एकतीसला कुणीतरी कुंकू लावलंय."

मी हसले आधी. मग हसू आवरेना, मग बंद झालं.

त्या दिवशी धुकं दुपारपर्यंत हललं नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगाला गुऱ्हाळं, आणि त्यांची वाफ धुक्यात मिसळलेली, म्हणजे सगळं जगच गोड आणि आंधळं. शाळेत पोचलो तर पोरं पटांगणात, आत कुणी नाही. थंडीत चुलीच्या उबेला पोरं त्या खोलीतच बसायची खरं तर, पण आता आत जायला तयार नव्हती. हेडमास्तर बाहेरच आले.

"या, या पावणं. बसा. च्या सांगू? आधी बघून घ्या काय करून ठेवलंय ते."

बघितलं. किती वर्षांनी बघितलं मी त्या कपाळाकडे. बरोब्बर मध्यभागी लाल डाग. गोल नव्हता पुरता, कडा अस्पष्ट, जखमेवरची पट्टी भिजून वर रंग यावा तसा. 

"आमची भात शिजवणारी बाई, आनसाबाई," हेडमास्तर म्हणाले. "शाळेत हळदीकुंकू घेतलं बायकांनी. हिला कोण बोलवणार? नवरा जाऊन बारा वर्षं झाली. बायका वाण घेऊन गेल्या, आणि मागनं एक जण पिशवी विसरली म्हणून परत आली, तर ही स्टुलावर उभी. बोट चित्राच्या कपाळावर! गावात काय बोलायचं ते बोलून झालंय. पोरी म्हणतात, भिंतीवरच्या बाईच्या कपाळाला घाम येतो. समिती म्हणते, बाई बदला. आता तुम्ही काय ते लिहून द्या. सरकारी चित्र हाय."

आनसाक्का दारात उभी होती. माझ्याच वयाची, उंच, हाताला कोपरापर्यंत राख. डोळे खाली नव्हते, हे मला लागलं. 

मी विचारलं, "हात लावला होता का?"

"लावला की. खोटं कशाला बोलू? माज्या चुलीचा धूर बसलाता तिच्या तोंडावर. वल्या पदरानं पुसलं. लेकीचं पुसावं तसं."

"आणि कुंकू?"

"त्ये म्या लावलं न्हाय. व्हतंच."

"होतंच म्हणजे?"

"व्हतंच की ओ बाई. आत व्हतं. सकाळच्याला मी पयली येतो, चूल पेटवाय. ऊन तिरकं पडतंय न्हवं त्या खिडकीतनं, तवा दिसायचं. गोल. उंचवटा कसा असतोय, तसा. म्हैनाभर बगत हुतो मी. पुसाय गेलो आन् वर आलं."

"वर आलं म्हणे!" हेडमास्तर म्हणाले. "घामोळं हाय का ते वर यायला?"

पटांगणातली पोरं हसली. आनसाक्का हसली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमच्या वहीत काय लिवलंय बगा की. तुमी तर वर्साला बगता. तुमास्नी दिसलंच आसंल."

मी वही उघडली. माझ्याच अक्षरात, ओळीखाली ओळ, मागीलप्रमाणे, मागीलप्रमाणे, मागीलप्रमाणे. 

आता तुम्ही म्हणाल, तिथंच सांगायचं होतंस. सांगायचं होतं की मी कधी बघितलंच नाही. पण माणूस स्वतःची लाज झाकायला फार चपळ असतं. मी पेन काढलं आणि लिहिलं, 'कपाळावर मध्यभागी लाल डाग. मागील नोंदीत नाही. हाताळणीमुळे.' पहिली दोन वाक्यं ठीक होती. शेवटचा शब्द मला दिसलेला नव्हता. मला तो वाटला होता. 

हेडमास्तरांनी तेवढाच शब्द दोनदा वाचला आणि म्हणाले, "बास. एवढं पुरं." आनसाक्काला वाचता येत नव्हतं, पण तिला कळलं. तिनं भाताचं पातेलं उतरवलं, पोरांना वाढलं, पातेलं घासून पालथं घातलं, चूल सारवली, आणि मग गेली. कुणी जा म्हणायची वाट बघितली नाही तिनं. उसाच्या बांधावरनं जाताना धुक्यात आधी तिचे पाय गेले, मग कंबर, मग पदर. 

परतताना एकतीस मागच्या सीटवर, कांबळ्यात. ड्रायव्हर गप्पिष्ट माणूस, पण कूर गाव येईतो एक अक्षर बोलला नाही. मग एकदम म्हणाला, "मावशी, काच लावा की तुमच्याकडची."

"लावलीये."

"मग मागनं आवाज कसला येतोय?"

मी कान दिला. कांबळं चौकटीला घासून येत असेल. बारीक, ठरावीक. कुणीतरी कपाळ चोळत असावं असा. मी म्हटलं, "काही नाही रे. रस्ता खराब आहे." रस्ता नवीन केलेला होता, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं गाणी लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उत्तरेच्या खिडकीशी, टेबलावर एकतीसला आडवं निजवलं. सर म्हणाले, "शालनताई, तुमचा हात हलका आहे. तुम्हीच पुसा. आलं होतं तसं परत करायचं, एवढंच आपलं काम."

पुसायचं कशानं, तर थुंकीनं. हसू नका. सरांनीच शिकवलेलं, जुन्या रंगाला तिच्याइतकं सौम्य दुसरं काही नाही. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, आणि दाब न देता गोल फिरवायचा. मी कितीतरी चेहऱ्यांवरची काजळी अशी काढली होती. पैलवानाच्या कानातला मळ काढला होता म्हणून सर मला चिडवायचे. पण त्या दिवशी काडी हातात घेतली आणि हात वर जाईना.

कारण मला पुसणं ठाऊक होतं. करणारीच्या बाजूनं नव्हे, दुसऱ्या बाजूनं. माझं कुंकू माझ्या चुलत सासूनं पुसलं. वाईट बाई नव्हती, तिला ते करायला लावलेलं. तेव्हा मेणावर कुंकू लावायचो आम्ही, ते सहज निघत नाही. तिचा अंगठा ओला होता आणि गार होता. एकदा पुसलं, राहिलं. दुसऱ्यांदा पुसलं. मागनं कुणीतरी म्हणालं, अजून दिसतंय. मग तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि दाबून घासलं. मी डोळे मिटले नव्हते, मला तिच्या बांगड्या दिसत होत्या, अगदी डोळ्यांसमोर, हिरव्या, किणकिणत. दोन दिवस माझं कपाळ लाल होतं. कुंकवानं नव्हे, घासल्यानं. मी मनात म्हणायची, बघा, जात नाही म्हणे! आणि तिसऱ्या दिवशी गेलं.

सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, मी पुसावं आणि त्यांनी बघू नये म्हणून. चांगला माणूस.

मी कापूस ओला केला आणि एकतीसला म्हटलं, हलकंच करते हं. फिरवला. उचलला. कापूस लाल व्हायला हवा होता. कुंकू असतं तर झालाच असता. तो लाल नव्हता. तो अंगाच्या रंगाचा होता.

मला वाटलं, माझी नजर गेली. दुसरी काडी घेतली. परत तोच रंग, कातडीचा. आणि कपाळावर बघते, तर लाल वाढलेलं. तिसरी काडी. आणखी वाढलं. कडा स्पष्ट व्हायला लागली, गोल, घट्ट, आत्ताच कुणी बोट टेकवून उचलल्यासारखी. खोलीत पूर्ण उजेड होता, बाहेर रिक्षांचे हॉर्न, कुणीतरी भंगारवाल्याला हाक मारत होतं. आणि मी एका बाईचं कुंकू पुसत होते, आणि जितकं पुसावं तितकं ते वर येत होतं. भ्याले मी. पण खरं सांगू? भीतीच्या खाली एक दुसरं काहीतरी होतं. त्याला नाव देत नाही.

"सर," मी म्हटलं. "हे जात नाहीये. हे येतंय."

सर वळले. भिंग काढलं. किती वेळ वाकून होते कोण जाणे. मग सरळ झाले आणि भिंतीला टेकले.

"लावलेलं नाही हे," ते म्हणाले. "रंगवलेलं आहे. चित्रकारानंच. वर नंतर कुणीतरी पाण्याच्या रंगानं झाकलंय. साधा फोटो रंगवणारा असेल." मग म्हणाले, "नवरा गेला असणार हिचा. घरच्यांना भिंतीवर ते कुंकू चालेना. म्हणून चित्रातलं पण पुसलं."

म्हणजे जिचं खरं पुसून झालं होतं, तिचं रंगवलेलंही पुसायला माणूस बोलावला होता. तो दारातनं आला असेल, रंगाची डबी घेऊन. ती तेव्हा त्याच घरात असेल का हो? चूल फुंकत, आतनं बघत? याचा मी अजून विचार करते.

"हिरवं लुगडं," सर स्वतःशीच बोलत होते. "हिरवं लुगडं, जरीचा काठ, आणि कपाळ मोकळं. एवढी वर्षं डोळ्यांसमोर. आपण कुणी विचारलं नाही."

मला तो कापडावरचा ठिपका आठवला. दर पावसाळ्यात हवा ओली व्हायची, वरचा रंग सुटायचा, कापड थोडं थोडं झाकण उचलून न्यायचं. शाळेतल्या भाताच्या वाफेनं, आनसाक्काच्या ओल्या पदरानं बाकीचं केलं. पोरी म्हणत होत्या कपाळाला घाम येतो. खरंच येत होता. तिनं बघितलं होतं, म्हैनाभर, रोज. मी वर्षानुवर्षं सही करून सांगत होते की तिथं काही नाही.

पुढं पुसायचं की थांबायचं, यावर आम्ही दोघं बसून राहिलो. सर म्हणाले, झाकणं हाही तिच्या चित्राचाच भाग आहे, आता तो काढायचा अधिकार आपल्याला आहे का, वर लिहून विचारायला हवं. मी म्हटलं, "विचारा. पण परत झाकायला माझा हात मिळणार नाही." मग ते तसंच राहिलं. वरनं उत्तर अजून यायचंय. अर्धं कुंकू लख्ख, अर्धं कातडीखाली. अष्टमीच्या चंद्रासारखं. बघणाऱ्याला वाटतं, आत्ता निघेल. किंवा आत्ता बुडेल.

त्याच टेबलावर मी नवी नोंद केली. आधीच्या शब्दावर रेघ मारली, खोडला नाही, कारण वहीत खोडायचं नसतं. लिहिलं, 'डाग हाताळणीमुळे नाही. मूळ चित्रातील कुंकू. आजवरच्या माझ्या नोंदी न बघता केलेल्या आहेत.' आणि त्याखाली, 'हे प्रथम पाहिले ते आनसाबाई, स्वयंपाकी, यांनी.' सरांनी सही केली. म्हणाले, "तुमच्यावर येईल हे." मी म्हटलं, "येऊ दे."

सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाले. शाळेत चुलीपुढं दुसरीच बाई. म्हणाली, आनसा गुऱ्हाळावर हाय. बांधावरनं चालत गेले. धुकं असं, की स्वतःचे पाय दिसत नव्हते, दोन्हीकडनं उसाची पाती अंगाला घासत होती, आणि कुणीतरी बरोबर चालतंय असं सारखं वाटत होतं. मागं वळले नाही. हिरवं दिसेल या भीतीनं. उसात दुसरं काय दिसणार, म्हणा.

आनसाक्का चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं आत ढकलत होती. वर काहिलीत रस उकळत होता. जाळानं चेहरा तांबडा झालेला. मला बघून उठली नाही.

"काय बाई, आनि काय लिवायचं ऱ्हायलंय?"

मी वही काढली आणि वाचून दाखवली. मोठ्यानं, कारण जाळाचा आवाज फार होता. रस ढवळणारा गुळव्या हातातला दांडा थांबवून ऐकायला लागला. रेघ मारलेला शब्दही वाचला. तिचं नाव वाचलं.

"परत वाचा," ती म्हणाली. वाचलं.

"माजं नाव सरकारी वहीत ऱ्हानार? कायमचं?"

"चित्र आहे तोवर."

"आन् तिचं? तिचं नाव काय?"

"ते कुणाला ठाऊक नाही हो."

तिनं चिपाडाचा एक कवळा आत टाकला. ठिणग्या उडाल्या. "मग माजं तरी कशाला घातलंसा," म्हणाली, पण डोळे पुसले, आणि धुरानं म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे नीट बघितलं. मी जाळासमोर उभी, घामानं निथळत. ती उठली, शेजारच्या घागरीत पदराचं टोक बुडवलं, पिळलं, आणि माझ्या हनुवटीला धरून माझं कपाळ पुसलं. दाबून नव्हे. लेकीचं पुसावं तसं. मला मागं सरता आलं नाही.

"थांबा," ती म्हणाली, "बगू दे तुमचंबी वर येतंय का."

गुळव्या खदाखदा हसला. तीही हसली. मीही हसले असेन. पण ती पुसायची थांबली तेव्हा तिचा हसरा चेहरा जरा वेळ तसाच राहिला आणि डोळे माझ्या कपाळावर खिळले. मी विचारलं नाही काय दिसलं. तिनं सांगितलं नाही. एसटीत खिडकीच्या काचेकडे पाठ करून बसले, घर येईपर्यंत.

हेडमास्तरांनी नोंदीची नक्कल समितीपुढं वाचली. होळीच्या आत आनसाक्का परत चुलीपुढं उभी राहिली. मधले दिवस मात्र तिला कुणी परत दिले नाहीत, आणि मलाही ते देता आले नाहीत. वर्षाच्या वर्षाला ती गुळाची ढेप पाठवायची, निरोप एकच, पावण्याबाईला इचारा, ती बरी हाय का. कोण ती, हे निरोप्याला कळायचं नाही. मी म्हणायची, बरी आहे. गेल्या सीझनला ढेप आली नाही. तिच्या लेकानं फोन केला.

मी आता कामावर नाही. सरही नाहीत. एकतीस अजून जाते दिवाळीनंतर गावोगाव, तिच्यापुढं बायका येऊन बसतात म्हणे. नोंद करायला नवी मुलगी आहे, हुशार, फोनवर फोटो काढते. मी तिला एकदाच सांगितलं, फोटो काढ, पण आधी बघ.

काल गच्चीवरनं खाली आले. वास घरभर झाला होता, खिडक्या लावायला उशीर झाला. जिना चढून-उतरून घाम आलेला, म्हणून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पांढऱ्या रुमालानं कपाळ टिपलं, आणि सवयीनं रुमाल बघितला. मधोमध एक ठिपका होता. अंगाच्या रंगाचा.

सून म्हणाली, "द्या आई, मशीनला टाकते."

मी म्हटलं, "असू दे." घडी घातली, आणि किती वर्षांनी आरशापुढं गेले.